रणघोष : एक आरोळी आणि तिच्यामागचे गाणे

१/
श्रावणातील सोमवार. बारामती तालुक्यातील करंजे येथील सोमेश्वराच्या देवळापुढे पहाटेपासून रांग लागलेली असते. सोमेश्वरनगर, होळ, निंबुत, कोऱ्हाळे या गावांतून आलेली माणसे गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी येतात आणि प्रत्येकाच्या तोंडून आपसूक तेच शब्द बाहेर पडतात : हर हर महादेव. त्यात ना आवेश असतो, ना क्रोध. हात जोडलेले असतात आणि मान लवलेली असते. हेच शब्द मराठ्यांच्या रणघोषाचे शब्द म्हणून आपण इतिहासात वाचतो. एकच आरोळी देवळात भक्ती होते आणि रणांगणावर शस्त्र होते. हे कसे घडते? या धाग्यात त्याचाच शोध घेऊ.

२/
मित्रहो, रणघोषाचा विषय निघाला की आपल्यापुढे चित्रपटातील दृश्य उभे राहते. सेनापती तलवार उंचावतो, हजारो कंठ गर्जतात आणि घोडदळ सुटते. पण इतिहासात रणघोषाचे काम या एका क्षणापुरते कधीच नव्हते. ते लढाईच्या आधी सुरू होई आणि लढाई संपल्यावर पिढ्यानपिढ्या चालू राही. आज आपण महाराष्ट्रातील घोष पाहू, मग थेट आफ्रिकेतील झुलू लोकांकडे जाऊ आणि पुन्हा घरी परतू. शेवटी एक प्रश्न तुमच्यासाठी आहे.

३/
प्रथम घोषाचे साधे, व्यावहारिक काम. तोफांचा धूर आणि टापांची धूळ यांत दहा हातांवरचा माणूस दिसत नाही. एकसारखा गणवेश ही फार अलीकडची गोष्ट. अशा वेळी आपला कोण आणि परका कोण, हे कानांनी ओळखावे लागे. दुसरे काम श्वासाचे. एका लयीत ओरडणाऱ्या माणसांचा श्वास, पाऊल आणि धक्का एका वेळी पडतो. तिसरे काम भीतीचे. आपली भीती लपते, समोरच्याची वाढते. नगारा, शिंग, कर्णा, तुतारी ही वाद्ये हेच करीत. परंतु वाद्याला शब्द नसतात. ‘आपण कोणाचे’ हे सांगण्यासाठी शब्दच लागतात, म्हणून घोष वाद्याहून मोठा.

४/
आणि तरीही, घोष केव्हा द्यायचा नाही हे जाणणे तितकेच महत्त्वाचे. ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र आठवा. तानाजी मालुसरे आणि त्यांचे निवडक मावळे सिंहगडाचा कडा चढले ते पूर्ण शांततेत. त्या शांततेतच मोहिमेचे यश होते. गडावर गलका झाला तो नंतर. तानाजी पडले, फौज विस्कळीत होऊ लागली, तेव्हा सूर्याजी मालुसरे यांनी लोकांना पुन्हा उभे केले. आणि गड हाती आल्याची खबर राजगडावर पोहोचली ती आरोळीने नव्हे, तर ज्वाळेने : गडावरील पागेला आग लावून इशारत दिली, असे कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ साली लिहिलेल्या बखरीत नोंदवले आहे. गनिमी काव्याचे सैन्य मौनाची किंमत ओळखत होते.

५/
आता ‘हर हर महादेव’कडे वळू. १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात ग्रँट डफने पानिपतच्या रणाचे वर्णन करताना दोन्ही बाजूंचे घोष नोंदवले आहेत : एकीकडून अल्लाचे आणि दीनचे नाव, दुसरीकडून हर हर महादेव. हे वर्णन वाचून पुष्कळांच्या मनात सरळ दोन रांगांचे चित्र उभे राहते. परंतु १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवशी मराठ्यांच्या बाजूने सर्वांत शिस्तीने लढलेल्या तुकड्यांपैकी एक इब्राहिमखान गारदी यांची होती. त्यांच्या कवायती पायदळात मुसलमान शिपाई मोठ्या संख्येने होते. इब्राहिमखान शेवटपर्यंत भाऊसाहेबांच्या बाजूने लढले, कैद झाले आणि मारले गेले. एकाच निशाणाखाली वेगवेगळे देव स्मरणारी माणसे लढत होती. घोष ऐकून संपूर्ण फौजेची ओळख पटली असे समजणे ही घाई ठरते.

६/
त्या रणातून आपले पथक घेऊन बाहेर पडलेले एक सरदार आपल्याच भागातले होते : मल्हारराव होळकर. सोमेश्वरनगरच्या शेजारी, नीरेच्या काठी असलेले होळ हे त्यांचे मूळ गाव आणि होळकर हे आडनाव त्या गावावरूनच पडलेले. १६९३ साली धनगर कुटुंबात जन्मलेला, वडील लवकर गेल्यामुळे खानदेशात तळोद्याला मामाकडे वाढलेला हा मुलगा पुढे माळव्याचा सुभेदार झाला. त्याचे नाव मल्हार आणि वडिलांचे खंडोजी. दोन्ही नावे एकाच देवाची. म्हणजे या घराण्याचा देव ओळखण्यासाठी बखर उघडण्याची गरजच नाही, नुसती हाक मारली तरी पुरे.

७/
तो देव जेजुरीचा. सोमेश्वरनगरहून नीरेमार्गे गेले की जेजुरी लागते. सोमवती अमावास्येला गडावर भंडाऱ्याची उधळण होते आणि सारा आसमंत पिवळा होतो. त्या वेळी कानावर पडणारा घोष म्हणजे ‘येळकोट येळकोट जय मल्हार’. हा घोष मुळात सैन्याचा आहे, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. खंडोबा हा घोड्यावर बसलेला, खांडा हाती घेतलेला देव. मणी आणि मल्ल या दैत्यांशी त्याने केलेल्या युद्धाच्या विजयाचा दिवस म्हणून चंपाषष्ठी साजरी होते. दसऱ्याला जेजुरीत सुमारे ४२ किलो वजनाचा खांडा उचलून तोलण्याची स्पर्धा अजूनही रंगते. देवाची लढाई भक्त दरवर्षी नव्याने आपल्या मनगटावर घेतात.

८/
‘येळकोट’ शब्दाचा अर्थ काय? अभ्यासकांमध्ये रूढ असलेली उपपत्ती अशी की हा शब्द कन्नड ‘एळु कोटि’, म्हणजे सात कोटी, यावरून आला. कर्नाटकात याच देवाला मैलार म्हणतात आणि त्याच्या जत्रांत आजही ‘एळु कोटि’चा गजर होतो. आंध्र आणि तेलंगणात तो मल्लण्णा होतो. सात कोटी म्हणजे देवाच्या सैन्याची संख्या, असा अर्थ लावला जातो. म्हणजे जेजुरीच्या पायऱ्यांवर ‘येळकोट’ म्हणणारा प्रत्येक जण नकळत स्वतःला एका अगणित सेनेत भरती करून घेतो. आणि त्याच्या ओठांवर मराठीच्या पोटातली कन्नड असते. भाषांच्या सीमा आखण्यापूर्वीपासून मेंढरांचे कळप आणि धनगरांचे वाडे नीरा, भीमा, कृष्णा ओलांडून ये-जा करीत होते. घोषाने ती वाट जपून ठेवली आहे.

९/
तुळजाभवानीचा ‘उदो’ही असाच. गोंधळी संबळ वाजवतो, दिवटी पेटते आणि ‘उदो उदो’ सुरू होतो. लग्नानंतरच्या गोंधळात उदो म्हणणारा तोच गोंधळी पूर्वी वीरांच्या कथाही गात असे. येथे आपण धाग्याच्या गाभ्याशी पोहोचतो. घोष हा दोन-तीन शब्दांचा असतो. दोन-तीन शब्दांत कथा मावत नाही. मग त्या शब्दांना अर्थ कोण पुरवतो? जो रात्रभर उभा राहून कथा सांगतो, तो. आरोळीच्या मागे गाणे असते. ते गाणे म्हणजे पोवाडा.

१०/
आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना ऐतिहासिक पोवाडा अफझलखान वधाचा आहे. घटना १० नोव्हेंबर १६५९ ची. रचणारा अज्ञानदास, ज्याला काही ठिकाणी अग्निदासही म्हटले जाते. हा पोवाडा जिजाबाईंच्या सांगण्यावरून रचला गेला आणि शाहिराला घोडा व सोन्याचा तोडा बक्षीस मिळाला, असे परंपरा सांगते. या तपशिलाकडे नीट पाहा. लढाई जिंकल्यावर तिची हकिगत कोणीतरी गावोगाव न्यावी, ही गरज राजमातेला जाणवली असे लोकांना वाटत आले. वर्तमानपत्र नाही, छापखाना नाही. बातमी, गौरव आणि शिकवण ही तिन्ही कामे एका डफावर होत होती.

११/
पोवाड्याची सादरीकरणाची घडण मुळातच घोषासारखी आहे. मुख्य शाहीर एक ओळ टाकतो. मागे उभे असलेले झीलकरी ‘जी जी’ करीत ती उचलतात. डफ ठोका देतो, तुणतुणे एक सूर धरून ठेवते, झांज मध्येच ठिणगी पाडते. कथा जेथे चढते तेथे शाहीर थांबतो आणि जयजयकार श्रोत्यांकडून येतो. त्या क्षणी ऐकणारा श्रोता राहत नाही, तो फौजेत सामील होतो. रणांगणावर न गेलेला शेतकरी, कोष्टी, तेली, मुले, बायका या सर्वांना ती लढाई आपली वाटू लागते ती येथे. घोष रणात जन्मत असेल, पण तो वाढतो चावडीवर.

१२/
अर्थात पोवाडा म्हणजे साक्षीदाराची जबानी नव्हे. तुळशीदास शाहिराचा सिंहगडाचा पोवाडा घ्या. रायबाचे लग्न, शेलारमामा आणि कडा चढणारी घोरपड ही आपल्या मनातली सारी चित्रे या शाहिरी परंपरेने घट्ट केली. सभासदाच्या बखरीत घोरपड नाही. तानाजींच्या बलिदानामुळे गडाला ‘सिंहगड’ हे नाव पडले, ही समजूतही टिकत नाही, कारण १६७० पूर्वीच्या पत्रांतच ते नाव येते. मग शाहीर खोटा ठरतो का? इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचार करावा. लोकांना त्या रात्रीत काय मोलाचे वाटले, याची ती नोंद आहे. घरचे कार्य बाजूला ठेवून निघालेला माणूस, हा त्या पोवाड्याचा खरा विषय. घटनेसाठी पत्रे वाचावीत आणि घटनेच्या अर्थासाठी पोवाडा ऐकावा.

१३/
घोष आणि त्याच्यामागे गाणे ही जोडी केवळ आपल्याकडचीच आहे काय? मुळीच नाही. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील झुलू लोकांकडे ती इतक्या ठळकपणे दिसते की त्यांच्याकडे पाहिल्यावर आपली परंपरा अधिक नीट कळते. शाका हा झुलूंचा राजा १८१६ ते १८२८ या काळात राज्य करीत होता. म्हणजे इकडे पेशवाईचा अस्त होत असताना तिकडे एक नवे राज्य उभे राहत होते. एकाच वयोगटातील तरुणांच्या पलटणी, ज्यांना ‘अमाबुथो’ म्हणतात, हा त्या राज्याचा कणा होता. प्रत्येक पलटणीचे नाव वेगळे, ढालींचा रंग वेगळा आणि गीतही वेगळे.

१४/
या गंभीर, संथ समूहगीतांना ‘अमाहुबो’ म्हणतात. ती घाईने ओरडायची गाणी नव्हेत. मोहिमेपूर्वी, राजाच्या समारंभात, मृत्यूच्या प्रसंगी ती गायिली जातात आणि गाताना पूर्वजांना साक्षीला बोलावले जाते. याखेरीज एकेकटा योद्धा पुढे येऊन उड्या घेत, हवेत वार करीत आपला पराक्रम नाचून दाखवी आणि बाकीचे त्याच्या नावाचा गजर करीत. लढण्यापूर्वी सर्वांसमक्ष केलेली ही बढाई म्हणजे एक प्रकारे वचनच असे. उद्या मागे फिरलास तर आज ऐकणारे हेच लोक तुला जाब विचारतील, हा त्यातला धाक. जेजुरीत खांडा तोलणाऱ्या तरुणाभोवतीचे कडे पाहिले असेल, तर ही गोष्ट समजायला वेळ लागणार नाही.

१५/
आणि शाहीर? तोही आहे. त्याला ‘इम्बोंगी’ म्हणतात आणि त्याच्या स्तुतिकाव्याला ‘इझिबोंगो’. राजाच्या पुढे चालत, चढ्या आवाजात, श्वास न तोडता तो राजाची आणि त्याच्या पूर्वजांची नावे, विजय, स्वभाव सांगत जातो. परंतु तो भाट नव्हे. इम्बोंगीला राजाचे दोष भर सभेत बोलून दाखवण्याची परंपरेने मुभा होती. स्तुतीच्या ओघातच टोचणी दिली जाई आणि राजाला ती ऐकून घ्यावी लागे. घोष राजाच्या नावाचा असला, तरी त्या नावाला काय शोभते हे ठरवण्याचा अधिकार गाणाऱ्याकडे राही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१६/
झुलूंचा सर्वांत प्रसिद्ध घोष ‘उसुथू’. त्याची कथा विलक्षण आहे. लुटीत मिळालेल्या विशिष्ट जातीच्या गुरांच्या नावावरून राजपुत्र सेत्श्वायोच्या पक्षाला हे नाव पडले, असे सांगतात. २ डिसेंबर १८५६ रोजी थुकेला नदीजवळ न्डोन्डाकुसुका येथे सेत्श्वायो आणि त्याचा भाऊ म्बुयाझी यांच्यात वारसाहक्कासाठी युद्ध झाले. म्बुयाझी आणि त्याचे हजारो लोक मारले गेले. त्या दिवशी ‘उसुथू’ हा भावाने भावाविरुद्ध दिलेला घोष होता. पुढे सेत्श्वायो राजा झाला आणि १८७९ साली इंग्रज चालून आले, तेव्हा तोच शब्द साऱ्या झुलू राष्ट्राचा घोष बनला.

१७/
२२ जानेवारी १८७९. इसांडल्वाना येथे सुमारे २०,००० झुलू योद्ध्यांनी इंग्रजांची छावणी उद्ध्वस्त केली. इंग्रजांच्या बाजूचे १,३०० हून अधिक लोक पडले. चालून येणाऱ्या झुलू सेनेचा मधमाश्यांच्या थव्यासारखा घुमणारा आवाज वाचलेल्या लोकांच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येतो. त्याच दिवशी दुपारनंतर जवळच्या रोर्क्स ड्रिफ्ट येथे झालेल्या लढाईवर १९६४ साली ‘झुलू’ हा इंग्रजी चित्रपट निघाला. त्यात एकीकडे झुलू गातात, दुसरीकडे शिपाई वेल्श गीताने उत्तर देतात आणि शेवटी झुलू शत्रूच्या शौर्याला गाऊन वंदन करतात. हे सारे रचलेले आहे. ती पलटण तेव्हा वेल्श म्हणून ओळखलीही जात नव्हती, तिचे नाव वॉरविकशायरशी जोडलेले होते. तरीही जगाच्या मनात झुलू युद्धगीत म्हणजे तो चित्रपट, असे समीकरण बसले. आपले गाणे आपण सांगितले नाही, तर दुसरा ते सोयीने सांगतो.

१८/
युद्धानंतर इंग्रजांनी झुलू राज्याचे १३ तुकडे केले. भाऊबंदकी पेटली आणि ‘उसुथू’ हे पुन्हा एका पक्षाचे नाव झाले. पुढे शंभर वर्षांनी, १९८० आणि १९९० च्या दशकांत, नातालमधील राजकीय हिंसाचारातही हा शब्द ऐकू आला. दोन्ही बाजूंना बहुतेक झुलू भाषा बोलणारेच होते. एकच शब्द : आधी भावाविरुद्ध, मग साम्राज्याविरुद्ध, पुन्हा शेजाऱ्याविरुद्ध. शब्द बदलला नाही. त्यामागची कथा कोण सांगतो, हे मात्र बदलत गेले. घोष स्वतः निर्णय घेत नाही. तो ज्याच्या हाती पडतो त्याचे काम करतो.

१९/
आता घरी परतू. ही गाणी कागदावर कशी आली, यातही दोन्हीकडे आश्चर्यकारक साम्य आहे. नातालमध्ये जेम्स स्टुअर्ट या इंग्रज दंडाधिकाऱ्याने १८९७ पासून पंचवीसेक वर्षे वृद्ध माणसांना बोलते करून इझिबोंगो आणि आठवणी उतरवून घेतल्या. आपल्याकडे त्याच सुमारास मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झालेले हॅरी अ‍ॅक्वर्थ यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह पोवाडे गोळा केले. १८९१ साली त्यांचा मराठी संग्रह निघाला आणि १८९४ साली निवडक पोवाड्यांचा इंग्रजी अनुवाद. ज्यांनी राज्य घेतले, त्यांच्याच अधिकाऱ्यांनी त्या राज्याची गाणी वाचवली. हा इतिहासातला विरोधाभास आहे आणि त्याबद्दल कृतज्ञता व अस्वस्थता दोन्ही वाटणे योग्यच. पुढे यशवंत नरसिंह केळकर यांनी हे काम स्वतःच्या खांद्यावर घेतले.

२०/
परंतु त्याआधीच एका माणसाने पोवाड्याचा रोख बदलला होता. १८६९ साली महात्मा जोतीराव फुले यांनी छत्रपती शिवाजी महाराजांवर स्वतः पोवाडा रचून प्रसिद्ध केला. त्यात महाराज ‘कुळवाडीभूषण’ आहेत, म्हणजे नांगर धरणाऱ्यांच्या कुळाचे भूषण. नाव तेच, जयजयकार तोच, पण तो कोणाचा राजा, या प्रश्नाचे उत्तर फुले यांनी शेतकऱ्याच्या बाजूने मांडले. पंधराव्या पोस्टमधील इम्बोंगी आठवतो का? नावाला काय शोभते हे गाणारा ठरवतो. पुण्यात हे काम सभेत वा दरबारात झाले नाही, ते जुन्या शाहिरी बाजात झाले, कारण लोकांच्या कानापर्यंत जाणारी वाट तीच होती.

२१/
पोवाड्यात सहसा सरदारांची नावे येतात. शिपायांची नावे येत नाहीत. पुणे जिल्ह्यातच भीमेच्या काठी कोरेगाव येथे १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा स्तंभ आहे. त्यावर कंपनीच्या बाजूने पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांतील अनेक नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणजे ते महार शिपाई. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले आणि त्या दगडाला नवा अर्थ मिळाला. ज्यांना कोणत्या पोवाड्याने गायिले नाही, त्यांना आपली नावे दगडावर वाचावी लागली. कोणाच्या नावाने घोष होतो याइतकाच, कोणाचे नाव कथेतून गळते, हा प्रश्नही इतिहासाचाच आहे.

२२/
आजच्या भारतीय सैन्यातील दोन पलटणींचे घोष शेजारी ठेवून पाहा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा उगम १७६८ सालचा आणि तिचे केंद्र बेळगावात. तिचा घोष छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाचा. ही पलटण आपला ‘मराठा दिन’ ४ फेब्रुवारीला पाळते, म्हणजे त्या शांत रात्रीची, सिंहगडाची आठवण म्हणून. महार रेजिमेंटची उभारणी १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावातच झाली. तिचा घोष ‘बोलो हिंदुस्तान की जय’. त्यात देव नाही, राजा नाही, कुळ नाही, फक्त देश आहे. एकाच मातीतून निघालेल्या, एकाच शहराशी नाते असलेल्या या दोन पलटणी. ‘आपण कोणासाठी?’ या प्रश्नाला एकीने स्मृतीतून उत्तर दिले आणि दुसरीने नागरिकत्वातून. दोन्ही उत्तरे मराठी माणसाची आहेत आणि दोन्हींसाठी माणसांनी प्राण दिले आहेत.

२३/
रण संपले म्हणून पोवाडा थांबला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अण्णाभाऊ साठे यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. वाटेगावचा मुलगा, मुंबईतील गिरण्यांच्या वस्तीत वाढलेला कामगार, व्होल्गाकाठच्या लढाईवर डफ वाजवतो, ही घटना जगाच्या इतिहासातही दुर्मीळ म्हणावी लागेल. अमर शेख, द. ना. गवाणकर आणि अण्णाभाऊ यांच्या लाल बावटा कलापथकाने पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावे आणि चाळी जागवल्या. १ मे १९६० रोजी राज्य झाले, त्यात सभांइतकाच वाटा या फडांचा होता. येथे शत्रूचे मुंडके नव्हते, हक्काची मागणी होती. घोष तोच राहिला, त्यातली हिंसा मात्र गळाली. शाहिराला हे साधते.

२४/
आता वर्तमानाकडे. १९ फेब्रुवारीला आपल्या गावांतून शिवजयंतीच्या मिरवणुका निघतात. भिंती थरथरतील एवढा आवाज असतो. घोष दर मिनिटाला होतो. त्या गर्दीत शाहिराला वेळ किती मिळतो, हे प्रत्येकाने आपापल्या गावी पाहावे. घोष टिकला, त्याची चिंता नाही. आरोळी सहज टिकते, ती दोन शब्दांची असते. चिंता तिच्यामागच्या गाण्याची आहे. गाणे गेले की आरोळीत इब्राहिमखान उरत नाही, कन्नड उरत नाही, शांतपणे कडा चढणारे मावळे उरत नाहीत, कुळवाडी उरत नाही. मग राहतो तो केवळ आवाज. आणि रिकामा आवाज कोणीही उचलून कोणाच्याही अंगावर फेकू शकतो. झुलूंच्या ‘उसुथू’ने हे आपल्याला दाखवलेच आहे.

२५/
म्हणून शेवटचा प्रश्न, आणि तो तुमच्यासाठी. तुमच्या गावात डफ घेऊन उभा राहणारा शेवटचा शाहीर कोण? संबळ वाजवणारा गोंधळी, रात्रभर ओवी लावणारा धनगर, गडावर गाणारे वाघ्या-मुरळी कोण? स्टुअर्टने वृद्धांसमोर बसून जे केले ते आज तुमच्या खिशातील फोनवर होते. त्यांची परवानगी घ्या, नाव विचारा, गाणे पूर्ण ऐका आणि मगच ध्वनिमुद्रण करा. पुढच्या श्रावणी सोमवारी करंज्याच्या देवळात ‘हर हर महादेव’ म्हणाल, तेव्हा त्या शब्दांमागे किती माणसे उभी आहेत ते आठवेल. त्यांतली थोडी जरी नावे आपल्याला सांगता आली, तर घोष आपला झाला असे म्हणता येईल.

धागा समाप्त. तुमच्या गावचा घोष आणि त्यामागची कथा खाली अवश्य लिहा.